चुंबकीय वादळ आलं, तर काय करायचं?



सौर वादळाची बातमी आली की विचारणा सुरू होते: रात्री मोबाइल बंद ठेवायचा का? गरोदर सुनेला बाहेर जाऊ द्यायचं का? मोबाइल खुशाल चालू ठेवा आणि सुनेलाही जाऊ द्या. जमिनीवरच्या माणसाच्या शरीराला या वादळाची झळ लागत नाही.

कारण वादळातले विद्युतभारित कण सरळ येऊन आदळतच नाहीत. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची बलरेषा आडवी ओलांडणं त्यांना सहज जमत नाही. तिच्याभोवती वेटोळी घेत ते पुढे सरकतात. ध्रुवांकडे क्षेत्र तीव्र होतं, तिथून बहुतेक कण माघारी फिरतात. उपग्रहांना छळणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनला एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडच्या या खेपेला सेकंदभरही लागत नाही. शिवाय प्रोटॉन पश्चिमेकडे आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे सरकत पृथ्वीला प्रदक्षिणा घालतात, गोफ विणणाऱ्या गड्यांसारखे. भार विरुद्ध आणि दिशाही विरुद्ध, त्यामुळे दोघांचा विद्युतप्रवाह एकमेकांत मिळतो. हा वलयप्रवाह वादळात फुगतो आणि विषुववृत्ताच्या आसपास जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र उतरवतो.

म्हणूनच ध्रुवापासून इतक्या दूर असलेल्या मुंबईला १८५९ चं महावादळ टिपता आलं. २ सप्टेंबरला कुलाब्याच्या वेधशाळेत उपकरणावर डोळा ठेवून माणसं हातानं आकडे उतरवत होती. क्षैतिज क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं, म्हणजे जेमतेम चार टक्के. पण वादळांच्या हिशेबात हा आकडा प्रचंड आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. तिथं ते आजही चालू आहे.

मग जपायचं कुणी? वीजमंडळांनी. १९८९ च्या मार्चमध्ये अशाच वादळानं कॅनडातल्या क्वेबेकची वीज काही तास गेली होती. उपग्रह सांभाळणाऱ्यांनी. आणि जीपीएसवर नेमकं काम करणाऱ्यांनी. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन मक्याच्या पेरणीत उपग्रहाच्या मार्गदर्शनानं चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. आपल्याकडे ड्रोननं फवारणी करणाऱ्यांनी, जमीन मोजणाऱ्यांनी मोठ्या वादळाचा इशारा आला, तर ते काम एक-दोन दिवस पुढे ढकलावं. ढकलता येत नसेल, तर मोजणी एखाद्या पक्क्या खुणेशी ताडून पाहावी आणि ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवावा.