हाइझ्मन करंडक आणि रसिकांची ओसरलेली ओढ



आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी आम्हांला वाटेतच गाठले आणि विचारले की, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलशी आपल्या गावाचा संबंध तो काय? संबंध एवढाच की, आमचा पुतण्या ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी शिकला, तिथेच स्थायिक झाला, आणि त्याच्या पत्रांतून व फोनवरच्या गप्पांतून हे वेड आमच्या घरात शिरले. पूर्वी नोव्हेंबर लागला की "काका, यंदा हाइझ्मन कोणाला?" म्हणून तो तासभर वाद घाली. अलीकडे तो त्याचे नावही काढीत नाही. एकदा आम्हीच विषय काढला, तर म्हणाला, "देतील कोणाला तरी." आम्ही चकित झालो. चौकशी केली तेव्हा कळले की, एकटा तोच नव्हे, पुष्कळ जुने रसिक असेच बोलू लागले आहेत.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. आपण पायाने खेळतो तो फुटबॉल हा नव्हे. लांबट चेंडू काखेत धरून धावायचे किंवा हाताने पुढे फेकायचा. बाजूला अकरा गडी, पण चढाईचे अकरा निराळे आणि बचावाचे निराळे. चढाईची सूत्रे हलवणारा तो क्वार्टरबॅक. कॉलेजांच्या ह्या सामन्यांना जमणारी गर्दी पाहिली तर आपली छाती दडपेल. कोलंबसच्या मैदानात लाखावर माणसे बसतात.

ह्या खेळातल्या वर्षाच्या, तेव्हा केवळ मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या, सर्वोत्तम कॉलेज-खेळाडूला न्यूयॉर्कच्या डाउनटाउन ॲथलेटिक क्लबने १९३५ साली एक करंडक दिला. तो मिळाला शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरला. पुढच्याच वर्षी क्लबचे क्रीडासंचालक जॉन हाइझ्मन वारले आणि करंडकाला त्यांचे नाव पडले. चेंडू हाताने पुढे फेकण्याची मुभा १९०६ साली मिळाली, तिच्यासाठी झगडलेल्या मंडळींत हे गृहस्थ होते. करंडक म्हणजे ब्राँझचा पुतळा आहे: एका हाताने चेंडू छातीशी धरलेला, दुसरा हात प्रतिस्पर्ध्याला दूर सारायला ताठ पुढे केलेला. वजन सुमारे वीस किलो. ह्या बर्वँगरची गंमत अशी की, व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडण्याची पद्धत १९३६ साली सुरू केली तेव्हा पहिले नाव त्याचेच पुकारले गेले. पण तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही.

करंडकाचे तेज अशा माणसांमुळे वाढले. १९३९ चा मानकरी आयोवाचा नाइल किनिक चार वर्षांनी नौदलाच्या वैमानिकी सरावात विमान कोसळून गेला. १९६१ साली सिरॅक्यूजचा एर्नी डेव्हिस हा पहिला कृष्णवर्णीय मानकरी ठरला आणि १९६३ त रक्ताच्या कर्करोगाने, एकही व्यावसायिक सामना न खेळता, वारला. ही नावे घराघरांत सांगितली जात.

आता निवड कशी होते ते पाहा, कारण सारे मर्म तिथे आहे. देशाचे सहा विभाग करून प्रत्येकी १४५, म्हणजे ८७० पत्रकार-समालोचक मत देतात; शिवाय हयात असलेले जुने मानकरी; आणि साऱ्या जनतेचे मिळून मत एक! प्रत्येकाने तीन नावे क्रमाने लिहायची, त्यांना तीन, दोन, एक असे गुण. ह्या मतदारांपैकी बहुतेकांनी बहुतेक खेळाडूंना प्रत्यक्ष पाहिलेलेच नसे. ओरेगॉनचा मुलगा कसा धावतो हे जॉर्जियातल्या माणसाला वर्तमानपत्रातूनच कळायचे. आमच्या मते ह्या न पाहण्यातच वादाची खरी गोडी होती. जे पाहिले नाही त्याच्याविषयी माणूस किती त्वेषाने भांडू शकतो, हे आम्ही आमच्या ओट्यावर पुष्कळदा अनुभवले आहे! प्रत्येक गावाला वाटे, आपला पोरगा त्यांनी पाहिलाच नाही, पाहिला असता तर...

त्यातून प्रचारालाही ऊत येई. नॉत्र दामच्या एका खेळाडूचे आडनाव 'थीझ्मन' असे उच्चारीत. १९७० साली करंडकाच्या नावाशी यमक जुळावे म्हणून विद्यापीठाच्या प्रसिद्धी-अधिकाऱ्याने ते 'थाइझ्मन' करविले. तरी पहिला आला जिम प्लंकेट, थाइझ्मन दुसरा. नवा उच्चार मात्र जन्माला चिकटला. २००१ साली ओरेगॉनच्या मंडळींनी जोई हॅरिंग्टनचे प्रचंड चित्र थेट न्यूयॉर्कात लावले. खर्च अडीच लाख डॉलर, क्रमांक चौथा.

मग ही जत्रा ओसरली कशाने? एक कारण खेळातच आहे. १९७३ पासून १९८३ पर्यंत सलग अकरा वर्षे करंडक चेंडू घेऊन धावणाऱ्या गड्यांना मिळाला. पुढे खेळ फेकीकडे झुकला, आणि २००० ते २०२५ ह्या सव्वीस वर्षांत एकवीस मानकरी क्वार्टरबॅक निघाले. बलाढ्य संघ कोणता ते ऑक्टोबरात कळले की त्याच्या क्वार्टरबॅकचे नाव मनात लिहून ठेवावे. मग भांडायचे कशावर?

दुसरे कारण पंचांगाचे. करंडक डिसेंबरच्या मध्यास देतात. पूर्वी मोसम तिथे जवळजवळ संपे, नाताळानंतरचे सामने ही मिठाई. २०१४ पासून चार संघांची आणि २०२४ पासून बारा संघांची बाद फेरी सुरू झाली. अंतिम सामना आता जानेवारी अर्धा उलटल्यावर होतो. म्हणजे मुलाच्या परीक्षेचा सर्वांत अवघड पेपर राहिलेला असताना पहिला नंबर जाहीर करण्यासारखे झाले.

तिसऱ्या कारणाविषयी बोलताना आम्ही जरा अडखळतो. पूर्वी खेळाडूने विद्यापीठ बदलले तर एक वर्ष बसून राहावे लागे. २०२१ पासून ती अट सैल झाली. २०१७ ते २०२५ ह्या नऊ मानकऱ्यांपैकी सात दुसऱ्या विद्यापीठातून आलेले आहेत. कोलंबसच्या आर्ची ग्रिफिनने १९७४ व १९७५ अशी लागोपाठ दोन वर्षे करंडक मिळवला. तसे आजवर दुसऱ्या कोणालाही जमलेले नाही. हा ग्रिफिन पुढे त्याच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेचा बरीच वर्षे प्रमुख होता. तो 'आपला' होता. यंदा आला आणि पुढल्या वर्षी जाईल, त्याला आपला म्हणताना जीभ अडते, असे पुतण्या म्हणतो.

पण थांबा. ह्या आपलेपणाची किंमत कोण मोजीत होते? २००५ चा मानकरी रेजी बुश. त्याने व त्याच्या घरच्यांनी नियमबाह्य पैसा व सवलती घेतल्याचे ठरले आणि २०१० साली त्याने करंडकावरचा हक्क सोडला. लाखांनी भरलेली मैदाने, तिकिटांचा आणि दूरदर्शनचा पैसा विद्यापीठांनी घ्यावा, आणि ज्याच्या पायांवर तो मिळतो त्याने काही घेतले तर कलंक! २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर कमावण्याची मुभा मिळाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये बुशला त्याचा करंडक परत देण्यात आला. आमचा पुतण्या पैशाच्या नावाने कडाकडा बोटे मोडतो. तिथे आमचे त्याचे जमत नाही. पोरे गरीब राहिली म्हणून आपली करमणूक निर्मळ होती, असे म्हणायला आमचे मन धजत नाही.

आणि ओढ सर्वत्र आटली असेही नाही. २०२५ साली इंडियाना विद्यापीठाला पहिलावहिला मानकरी लाभला, फर्नांडो मेंडोझा. तो त्याच वर्षी कॅलिफोर्नियाहून आलेला, तरी गावाने त्याला डोक्यावर घेतले. वर्षानुवर्षे हार खाल्लेल्या गावाला पाहुण्याचे गोत्र विचारायला सवड नसते.

त्याआधीच्या वर्षीची गोष्ट. २१ जानेवारी २०२५ ला सकाळी आमचा फोन वाजला. पुतण्याच्या आवाजाला आनंदाने धार राहिली नव्हती. त्याच्या विद्यापीठाने नॉत्र दामला हरवून विजेतेपद मिळवले होते, तिकडे मध्यरात्र होत आली होती. त्याचे सारे ऐकून झाल्यावर आम्ही विचारले, "आणि यंदा हाइझ्मन कोणाला रे?" तो थबकला. मग म्हणाला, "हां, कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर." चढाईत आणि बचावात, दोन्हीकडे खेळणारा असा गडी पन्नास वर्षांपूर्वी निघता तर ह्या पुतण्याने आम्हांला महिनाभर झोपू दिले नसते. "कसा खेळतो?" आम्ही विचारले.

"सुरेख आहे, काका. त्याचा एक झेल फोनवर पाहिला होता," तो म्हणाला, आणि पुन्हा अंतिम सामन्याकडे वळला.