संगणकाची तक्रार

घड्याळ बंद पडलें तर आपण तें घड्याळजीकडे नेतों. तो भिंग डोळ्याला लावतो, झांकण उघडतो आणि दुखणें कोठें आहे तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतो. संगणकाच्या दुखण्याची गोष्ट निराळी आहे. यंत्र शाबूत असतें, पडदा उजळतो, अक्षरें उमटतात, आणि तरीहि काम चुकतें. कारण चूक यंत्राच्या धातूंत नसून त्याला दिलेल्या आज्ञांच्या मालिकेंत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्यें, असते. त्या आज्ञा लिहिणारा मनुष्य आपल्यापासून शेंकडों कोस दूर बसलेला असतो. आपल्या यंत्रावर काय घडलें तें त्यानें पाहिलेलें नसतें; आपण जें सांगूं तेवढेंच त्याला दिसतें. म्हणून दुरुस्ती मिळणें वा न मिळणें हें पुष्कळ अंशीं तक्रार कशी सांगितली यावर अवलंबून राहतें. या तक्रार सांगण्याच्या विद्येसंबंधानें आज चार शब्द बोलावे असा माझा हेतु आहे.

मला ही विद्या उतारवयांत, आणि थोडी फजिती होऊन, शिकावी लागली. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मी एका विद्यार्थी-वसतिगृहाच्या जमाखर्चाचें काम पाहूं लागलों. तेथील हिशेब विकत घेतलेल्या एका सॉफ्टवेअरवर मराठींत लिहिला जातो. वर्षअखेरीस हिशेबतपासनीस आले. छापून काढलेले कागद चाळतां चाळतां त्यांनीं मला विचारलें, "गुरुजी, हे आचार्य कोण? यांना दरमहा वेतन जातें. पण येथें कोणी आचार्य राहतात असें मला दिसलें नाहीं." मीं पाहिलें तों बाराहि महिने 'आचार्यास वेतन' अशी नोंद! मीं लिहिलें होतें 'आचाऱ्यास'. आमच्या स्वयंपाक्याला संगणकानें परस्पर आचार्यपद बहाल केलें होतें.

तपासनीस हंसले, मीहि हंसलों. परंतु खुलासा करण्याविषयींचा शेरा पडावयाचा तो पडलाच. बारा महिन्यांचा पगार नेमका कोणाला दिला, असा प्रश्न माझ्या सहीखालीं उभा राहिला होता. ज्यानें सारें आयुष्य मुलांच्या वह्यांतील रफार तपासण्यांत घालविलें त्याला ही गोष्ट किती झोंबली असेल याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. लिहितांना शब्द बरोबर दिसे. म्हणून जतन केलेली नोंद पुन्हां उघडून पाहण्याची मला गरजच वाटली नव्हती. उत्तर पुन्हां ताडून पाहा, असें मुलांना सांगणारा मी स्वतः मात्र तें विसरलों होतों.

मीं विक्रेत्याच्या मदत-विभागाला दूरध्वनि केला आणि सांगितलें, "तुमचें सॉफ्टवेअर मराठी चुकीचें लिहितें." उत्तर आलें, "यंत्र बंद करून पुन्हां सुरू करा." केलें. मग सांगण्यांत आलें, "कळफलक बदलून पाहा." बदलला. त्यानंतर, "सॉफ्टवेअर काढून पुन्हां घाला." तेंहि झालें. पंधरा दिवस असे गेले. प्रत्येक वेळीं निराळा मनुष्य बोले आणि प्रत्येकाला मीं सारें रामायण पहिल्यापासून सांगावें. शेवटीं एका तरुणानें अगदीं नम्रपणें सुचविलें, "आजोबा, टंकण करतांना आपल्याकडूनच चूक होत नसेल ना?"

मला राग आला. परंतु रात्रीं विचार केल्यावर ध्यानांत आलें कीं, चूक माझीहि होती. टंकणांत नव्हे, तक्रारींत. 'मराठी चुकीचें लिहितें' हें माझें वाक्य म्हणजे वैद्याकडे जाऊन 'मला बरें वाटत नाहीं' एवढेंच म्हणण्यासारखें होतें. त्यावर वैद्यानें लंघन सांगितलें तर त्याला दोष कसा द्यावा?

दुसऱ्या दिवशीं मीं वसतिगृहाचा जमाखर्च बाजूला ठेवला आणि एक कोरी नोंद उघडली. तींत एकच शब्द लिहिला, 'आचाऱ्यास'. पडद्यावर तो बरोबर उमटला. नोंद जतन केली, बंद केली, पुन्हां उघडली. आतां तेथें 'आचार्यास' होतें. मग 'दऱ्या' लिहून पाहिलें. डोंगरांतील दऱ्यांचा तत्काळ समुद्र होऊन 'दर्या' झाला. 'सूर्य' लिहिला तर तो मात्र सूर्यच राहिला. दुसऱ्या संगणकावर हेंच सर्व करून पाहिलें, फळ तेंच. म्हणजे दोष माझ्या बोटांचा नव्हता, कळफलकाचा नव्हता आणि त्या एका यंत्राचाहि नव्हता. नोंद जतन होण्याच्या क्षणीं कांहींतरी गळून पडत होतें.

एवढें हातीं आल्यावर मीं पत्र लिहिलें. त्यांत सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक दिला. लिहा, जतन करा, पुन्हां उघडा, या तीन पायऱ्या दिल्या. काय दिसावयास हवें आणि काय दिसतें तें शेजारीं शेजारीं मांडलें. रागाचा शब्द एकहि घातला नाहीं. चार दिवसांत उत्तर आलें कीं, आपण सांगितल्याप्रमाणें केलें असतां आमच्याकडेहि तसेंच घडतें.

श्रोतेहो, या एका वाक्यांत सारी गोम आहे. जो दोष दुरुस्त करणाऱ्याला आपल्या समोर घडवून पाहतां येत नाहीं, तो त्याला सहसा दूर करतां येत नाहीं. आणि जो पाहिजे तेव्हां घडवितां येतो तो अर्धा सांपडल्यासारखाच असतो. आमच्या दोषाचें कारण पुढें कळलें तें असें. संगणक अक्षरें आंकड्यांच्या रूपानें सांठवितो. युनिकोड नांवाच्या पद्धतींत 'ऱ्या' लिहिण्याची एक रीति अशी कीं, र आणि हलन्त यांच्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह ठेवावयाचें. तें चिन्ह असलें तर 'ऱ्या' उमटतो. नसलें तर र रफार होऊन डोक्यावर चढतो. आमचें सॉफ्टवेअर जतन करतांना तें अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून पुसून टाकीत असे. महिन्याभरानें दुरुस्त आवृत्ति हातीं आली.

अशा दुरुस्तीला इंग्रजींत 'पॅच' म्हणजे ठिगळ म्हणतात. पूर्वीं कांहीं यंत्रांना आज्ञा देण्यासाठीं कागदी पट्टीवर भोकें पाडीत. चूक सांपडली म्हणजे चुकीच्या जागीं कागदाचा तुकडा चिकटवीत, किंवा तेवढा भाग कापून नवा जोडीत. पट्टी गेली तरी शब्द राहिला. आणि तो यथार्थ आहे, कारण ठिगळ फाटल्या जागीं नेमकें बसावयास हवें तर फाटलें कोठें तें आधीं दाखवावें लागतें.

फाटलें कोठें तें कसें दाखवावें याचा एक मोठा धडा जगाला २०१३ सालीं जर्मनींत पाहावयास मिळाला. त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत डेव्हिड क्रीझेल या संगणकशास्त्रज्ञापुढें एका घराच्या नकाशाची प्रत आली. झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर नांवाच्या यंत्रावर ती काढली होती. मूळ नकाशांत तीन खोल्यांचीं क्षेत्रफळें १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशीं होतीं. प्रतींत मात्र तिन्ही खोल्यांवर १४.१३ हाच आंकडा होता. यंत्र नीट चाललें होतें. कागदावर डाग नव्हता, अक्षर पुसट नव्हतें. आंकडा स्वच्छ, रेखीव आणि चुकीचा होता. डाग पडला असता तर डोळ्याला संशय आला असता. येथें संशयाला जागाच नव्हती.

याचें कारण असें कीं, जागा वांचविण्यासाठीं तें यंत्र पानावरील सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांपैकीं एकच सांठवून तीच सर्वत्र वापरीत असे. या रीतीला जेबिग-२ असें नांव आहे. आकृति खरोखर सारख्या असल्या तर यांत कांहीं वावगें नाहीं. परंतु बारीक छपाईंत इंग्रजी सहा आणि आठ हे आंकडेहि यंत्राला सारखे वाटत आणि एकाच्या जागीं दुसरा बसे. हिशेबाच्या कागदावर अशी अदलाबदल झाली तर तिचा अर्थ काय होतो हें निराळें सांगावयास नको.

क्रीझेल यांनीं केवळ 'तुमचें यंत्र खोटें बोलतें' असें म्हटलें नाहीं. मूळ आणि प्रत शेजारीं शेजारीं ठेवून त्यांनीं २ ऑगस्ट २०१३ रोजीं तें प्रसिद्ध केलें, आणि ज्यांच्याकडे तसें यंत्र होतें त्यांना स्वतः तपासून पाहतां यावें म्हणून परीक्षेचा कागदहि दिला. लोकांनीं आपापल्या कचेऱ्यांत तो लावून पाहिला आणि तशाच चुका निघूं लागल्या. कंपनीचें प्रथम म्हणणें असें पडलें कीं, प्रतीचा दर्जा हलका निवडला तर असें होऊं शकतें आणि तशी सूचनाहि यंत्रांत दिलेली आहे. वरचा दर्जा निवडावा म्हणजे झालें. क्रीझेल यांनीं हुज्जत घातली नाहीं. वरच्या दर्जावर प्रती काढून त्यांतहि आंकडे बदलतात हें त्यांनीं दाखवून दिलें. तेव्हां कंपनीनें सॉफ्टवेअरमधील दोष मान्य केला, आणि २२ ऑगस्टपासून दुरुस्त्या देण्यास आरंभ केला. अवघे वीस दिवस लागले. परंतु तो दोष त्यापूर्वीं सुमारें आठ वर्षें त्या यंत्रांत मुकाट्यानें नांदत होता.

यंत्रें सुधारलीं, परंतु आधींच्या वर्षांत ज्यांनीं प्रती काढून मूळ कागद रद्दींत घातले त्यांच्या हातीं काय राहिलें? ठिगळ उद्यांच्या कामाला लागतें. कालचें काम तें सुधारीत नाहीं. आमच्या वसतिगृहांतहि तोच अनुभव आला. नवी आवृत्ति आली म्हणून जुना आचार्य पुन्हां आचारी झाला नाहीं. पुसलें गेलेलें चिन्ह गेलें तें गेलेंच. शोधूं लागलों तेव्हां 'शेतकऱ्यास' आणि 'कर्मचाऱ्यांस' असे आणखी कित्येक बिघडलेले शब्द निघाले. तीन दिवस बसून मीं एकेक नोंद दुरुस्त केली आणि छापील प्रतीवर प्रत्येकीपुढें तारीख घालून सही केली. वेतनाच्या पावत्यांवर स्वयंपाक्याची सही होती. त्या आम्हीं जपून ठेवल्या होत्या म्हणून शेऱ्याला उत्तर देतां आलें. कागद टाकून दिले असते तर निव्वळ संगणकाच्या साक्षीवर तो बिचारा आचार्यच राहिला असता.

आतां या अनुभवाचें सार थोडक्यांत सांगतों. तक्रार करण्यापूर्वीं ती स्वतः दोन वेळां, आणि शक्य तर दुसऱ्या यंत्रावर, घडवून पाहावी. पडद्यावर सूचना आली असेल तर ती आपल्या शब्दांत न सांगतां जशीच्या तशी उतरून घ्यावी. मोठ्या कामांतील दोष लहानांत लहान उदाहरणांत आणावा. आपण आधीं काय काय करून पाहिलें तें लपवूं नये. त्यांत स्वतःची चूक असली तरी सांगावी. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा, म्हणजे रामायण पुन्हां पुन्हां सांगावें लागत नाहीं. दूरध्वनीवर बोलणारानें तें सॉफ्टवेअर लिहिलेलें नसतें. त्याच्यावर रागावण्यापेक्षां ही तक्रार लिहिणाऱ्यांपर्यंत पोंचवा, असा आग्रह धरावा.

मदत-विभागाचा क्रमांकहि पावतीवरून किंवा वेष्टनावरूनच घ्यावा. आपण न बोलावतां आपण होऊन दूरध्वनि करणारा आणि 'तुमचा संगणक बिघडला आहे, मला तो दुरून उघडूं द्या' म्हणणारा मनुष्य मदतनीस नसून बहुधा भामटा असतो.

दुरुस्ती हातीं आली म्हणजे ती बसविण्यापूर्वीं आपल्या कामाची एक प्रत निराळी काढून ठेवावी. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीनें पाठविलेल्या सुधारणेच्या एका सदोष फाईलीमुळें जगांतील सुमारें ८५ लक्ष संगणक एकाएकीं बंद पडले. विमानें अडकलीं, इस्पितळांचीं कामें खोळंबलीं. ठिगळहि कधीं कधीं कापड फाडतें. म्हणून दुरुस्तीस चार दिवस अधिक लागले तर ते तपासणींत गेले असतील असा विचार करून धीर धरावा. आणि दुरुस्ती बसल्यावर ज्या उदाहरणानें दोष दाखविला त्याच उदाहरणानें तो गेल्याची खात्री करून घ्यावी. मग मागील काम तपासावयास बसावें.

शेवटीं एक गोष्ट सांगून पुरें करतों. नवी आवृत्ति बसविल्यानंतर आठ दिवसांनीं मला दूरध्वनि आला. माझ्या टंकणावर शंका घेणारा तोच तरुण बोलत होता. "आजोबा," तो म्हणाला, "आतां दऱ्या दऱ्याच राहतात ना?" मीं त्याला म्हटलें, "राहतात. पण थांबा, पुन्हां उघडून पाहतों आणि मग सांगतों." उघडून पाहिलें, आणि मगच त्याला होय म्हटलें.