तिची नोकरी टिकली पाहिजे

(जागतिक महिला दिनानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



महिला दिनाच्या भाषणाला सत्तरी ओलांडलेला पुरुष कशाला उभा केला, असा प्रश्न पुढच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसतोय. महिला मंडळाने विषय दिला, ‘महिलांचे आर्थिक सक्षमीकरण आणि खासगी क्षेत्र’. मी म्हटलं, एवढे मोठे शब्द मला झेपायचे नाहीत. पण पस्तीस वर्षं बँकेत लोकांची पासबुकं बघितली आहेत. त्यातून जे कळलं, ते सांगतो.

माझ्या नोकरीतली काही वर्षं भोसरीच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या शाखेत गेली. आसपासच्या कारखान्यांचे पगार आमच्याकडे जमा होत. जोडणी, तपासणी, पॅकिंग अशा खात्यांत मुली बऱ्याच असत. बारावी नाहीतर आयटीआय झालेली मुलगी खातं उघडायला यायची. पहिलं पासबुक हातात पडलं की ते पुन्हा पुन्हा उघडून बघायची. दर महिन्याच्या सात तारखेला पगाराची नोंद. दोन वर्षं, तीन वर्षं. मग एखाद्या महिन्यात ती नोंद थांबायची. पुढे काही महिन्यांनी तीच मुलगी कडेवर बाळ घेऊन खातं बंद करायला यायची. नोकरीचं विचारलं तर उत्तर ठरलेलं, “सोडली, साहेब. बाळाला कोण बघणार?”

लक्षात घ्या, काम येत नव्हतं म्हणून तिला कुणी काढलं नव्हतं. कंपनीने सहा-सहा महिने खर्च करून तिला शिकवलं होतं. तिचा हात बसला होता. पगारवाढीचे दिवस आले आणि नेमकी तेव्हाच ती घरी बसली. आमच्या भाषेत सांगायचं तर ठेव मुदतीआधीच मोडली. नुकसान तिचंही आणि कंपनीचंही.

ही गोष्ट केवळ भोसरीची नाही. २०२३ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन या अमेरिकन विदुषीला मिळालं. अमेरिकेतल्या बायकांच्या कामाचा आणि कमाईचा दोनशे वर्षांचा हिशोब त्यांनी मांडला. त्यांच्या अभ्यासातून असं दिसतं की, आजच्या काळात स्त्री-पुरुषांच्या कमाईतला बराचसा फरक पहिलं मूल झाल्यानंतर पडायला लागतो. जे तिथे आकडेवारीतून सिद्ध झालं, ते इथे आमच्या काउंटरवर दिसत होतं.

आता प्रशिक्षणाबद्दल. ते निरुपयोगी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला होता, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या की, आम्हाला व्याजाचा हिशोब विचारा, तोंडी सांगतो. बँकवाला म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. पुढे २००६ साली एचएसबीसी या खासगी बँकेच्या मदतीने त्यांनी ग्रामीण बायकांसाठी उद्योगाची शाळा काढली. मग बसमध्ये वर्ग भरवून ती शाळाच गावोगाव नेली. बाई वर्गाला येऊ शकत नाही, तर वर्ग बाईकडे गेला. शिकवणाऱ्याने शिकणारीची अडचण आधी समजून घेतली, म्हणून ते प्रशिक्षण कामाला आलं.

दुसरं उदाहरण आपल्या पिंपरीचं. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ अशी ओळ होती. सुधा मूर्तींनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि त्यांना तिथे इंजिनियर म्हणून नोकरी मिळाली, हे आपल्याला ठाऊक आहे. आज त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात मोटारी जोडणारी एक अख्खी लाइन मुली चालवतात. हजाराहून अधिक मुली आहेत त्या. जाहिरातीतली एक ओळ गेली, की केवढा फरक पडतो बघा.

पण दार उघडलं, मुलगी आत गेली, काम शिकली. पुढची वीस-पंचवीस वर्षं ती तिथे टिकेल कशी? हे कंपनीच्या नियमांवर ठरतं, आणि यातले बरेच नियम कायद्यातच आहेत. इथे बसलेल्या लेकी-सुनांनी ते नीट लक्षात ठेवावेत.

बाळंतपणाची रजा पूर्वी १२ आठवडे होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली, तीही भरपगारी. ज्या ठिकाणी ५० किंवा अधिक कर्मचारी आहेत, तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा अधिक माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत एवढ्या स्त्री सभासद आणि एक सभासद बाहेरची. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं असेल, तर तिची संमती हवी आणि संरक्षणाची व जाण्या-येण्याची सोय मालकाने करायची.

कागदावर हे सगळं उत्तम आहे. अडतं कुठे, तेही प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. २६ आठवड्यांचा पगार बहुतेक ठिकाणी एकट्या मालकाच्या खिशातून जातो. वीस-पंचवीस माणसांचा छोटा कारखानदार मग मुलाखतीला आलेल्या नवविवाहित मुलीकडे बघून मनातल्या मनात हिशोब करतो आणि मुलाला घेतो. कर्ज मागायला आलेल्या अशा उद्योजकांशी माझा रोजचा संबंध होता. ती माणसं वाईट नव्हती, हिशोबी होती. त्यांना मी एवढंच सांगेन की, २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेली कर्मचारी राज्य कामगार विम्यात येत असेल, तर बाळंतपणाच्या रजेचे पैसे विमा महामंडळ देतं. दर महिन्याला वर्गणी भरायची आणि फायद्याच्या वेळी विसरायचं, याला काय म्हणावं! आणि नवीन मुलगा शोधून, शिकवून तयार करायला काय खर्च येतो, तोही त्याच कागदावर मांडा. आकडा पुष्कळदा रजेच्या बाजूने लागेल.

शिवाय जी एकदा घरी बसली, तिला परत यायला वाट हवी. टाटा समूहाने २००८ मध्ये अशा बायकांसाठी ‘सेकंड करिअर’ योजना काढली. स्टेट बँकेत अरुंधती भट्टाचार्य अध्यक्ष असताना मुलांच्या किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या देखभालीसाठी दोन वर्षांपर्यंत सुट्टी घेऊन परत कामावर येण्याची सोय झाली. सुट्टी मिळाली, पण खुर्ची गेली नाही. हे महत्त्वाचं.

आणखी एक पासबुकातली गोष्ट. पगार तिच्या नावावर, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात आणि पिन सासऱ्यांना पाठ, अशी खाती मी कितीतरी बघितली. भगिनींनो, खात्यावर नाव असणं आणि पैशावर हक्क असणं यात फरक आहे. कार्ड आपल्याच पर्समध्ये ठेवा. नॉमिनी कोण आहे ते आज घरी जाऊन बघा.

आता घरचा विषय. कंपन्यांना शहाणपण शिकवणं सोपं आहे. पण आपण सगळेसुद्धा मालक आहोत की! आपल्या घरांत धुणीभांडी, स्वयंपाक, आजी-आजोबांची सेवा करायला रोज किती बायका गेटवर सही करून आत येतात? त्यांना पगारी सुट्टी किती? बाळंतपणात काम टिकतं का? २०१३ चा तो छळविरोधी कायदा घरकामगार बायकांनाही लागू आहे आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे त्या तक्रार करू शकतात, हे त्यांना कुणी सांगितलंय?

आणि आपल्या लेकी-सुना? नावं घेत नाही, पण आपल्याच सोसायटीत इंजिनियर आहेत, सीए आहेत, ज्या मूल झाल्यापासून घरी आहेत. कारण तेच, जे मी भोसरीला ऐकत होतो. पंचवीस वर्षांत आपण सोलर बसवलं, लिफ्ट बदलल्या, पार्किंगचे तंटे मिटवले. तळमजल्यावरच्या खोलीत पाळणाघर काढण्याचा ठराव मात्र दोन वर्षं ‘पुढील सभेत विचार करू’ या शेऱ्यासह पडून आहे. त्या खोलीत सध्या मोडक्या खुर्च्या आणि गणपतीच्या मंडपाचे बांबू सुखाने नांदत आहेत.

रौप्यमहोत्सवी वर्षात माझी तीन मागण्यांची अर्जी आहे. पहिली, येत्या सर्वसाधारण सभेत तो ठराव मंजूर करा. प्रशिक्षित बाई पगारावर नेमा, म्हणजे आणखी एकीला नोकरी मिळेल. त्या पाळणाघरात आपल्या नातवंडांबरोबर कामाला येणाऱ्या बायकांचीही मुलं असू द्या. दुसरी, घरकामाच्या बायकांना महिन्याला चार पगारी सुट्ट्या, असा सोसायटीचा एकच नियम करा. घरोघरी घासाघीस नको. तिसरी, त्यांचा पगार त्यांच्या स्वतःच्या खात्यात भरा. खातं उघडायचं असेल तर फॉर्म भरून द्यायला मी रोज संध्याकाळी पाच ते सहा ऑफिसात बसायला तयार आहे. चहा मात्र सोसायटीने द्यावा.

खुर्च्या आणि बांबू कुठे ठेवायचे, हा आक्षेप येईलच. माझ्या पार्किंगचा अर्धा भाग मी त्यासाठी देतो. सचिवसाहेब, हे कृपया इतिवृत्तात लिहून घ्या.