इंजिनाचा दम



कविता लिहिणाऱ्या माणसाने इंजिनावर बोलावे, हे थोडे विचित्रच. त्यातून मी मराठी घेऊन बी.ए. झालेला. पण लहानाचा मोठा झालो तो डिझेलच्या वासात. आमचे अब्बा विहिरीवरच्या ऑइल इंजिनांचे मिस्त्री होते.

मी अकरा-बारा वर्षांचा असेन. एका शेतकऱ्याचे पाच हॉर्सपॉवरचे इंजिन अब्बांनी दुरुस्त करून चालू केले आणि ते बांधावर भाकरी खायला बसले. इंजिन आपले संथ चालले होते. मला वाटले, जरा पळवले तर पाणीही जोरात येईल. मी गव्हर्नरची स्प्रिंग ताणली. इंजिन पळाले, काळा धूर ओकू लागले, ठोके बदलले आणि एका आचक्यानिशी थांबले. पिस्टन जाम झाला होता. अब्बांनी मला मारले नाही. त्या शेतकऱ्याचा कांदा आठ दिवस पाण्यावाचून राहिला, आणि नवा पिस्टन-लायनर अब्बांनी पदरच्या पैशाने घातला. ते एवढेच म्हणाले, "पोरा, इंजिनाला दम लागतो."

ऑगस्ट २००६ मध्ये एक बातमी वाचली आणि ते वाक्य पुन्हा आठवले. अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनेव्हिलचे मिठाचे पठार आहे. तिथे २३ ऑगस्टला एक डिझेल गाडी ताशी ३५०.०९२ मैलांनी, म्हणजे सुमारे ५६३ किलोमीटर वेगाने धावली. डिझेल गाडीचा आधीचा विक्रम १९७३ सालचा, ताशी २३५ मैलांच्या आसपासचा. चालक होते अँडी ग्रीन. १९९७ मध्ये जेट गाडीतून जमिनीवर ध्वनीचा वेग ओलांडणारे ब्रिटिश हवाई दलातले वैमानिक ते हेच. पण मला गाडीपेक्षा तिच्या पोटातले इंजिन बघायचे होते. कारण गाडी होती जेसीबीची.

जेसीबी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिवळे यंत्र येते. शेततळे खणणारे, चर काढणारे. कधी अतिक्रमणाच्या नावाखाली एखाद्या वस्तीच्या दारात उभे राहणारे. तेव्हा त्याची घरघर ऐकून काळजात धस्स होते, हेही खरे. अशा यंत्रांसाठी कंपनीने २००४ पासून स्वतः बनवायला घेतलेले चार सिलिंडरचे इंजिन, तसली दोन 'डिझेलमॅक्स' नावाच्या या गाडीत बसवली होती. एक पुढची चाके फिरवणारे, दुसरे मागची. खोदकामाच्या यंत्रात शंभराच्या आसपास हॉर्सपॉवर देणाऱ्या या इंजिनातून रिकार्डो या ब्रिटिश कंपनीच्या अभियंत्यांनी प्रत्येकी ७५० काढले.

ते कसे? मी केले तसे नुसते पळवून नाही. या इंजिनाचे फेरे मिनिटाला ३,८०० च्या आसपासच होते. पेट्रोलची साधी मोटारही त्याहून जास्त फिरते. त्यांनी वाढवला तो दम.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबतात की ती तापते आणि त्या उष्णतेने तेल पेटते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, तोच प्रकार. तेल वाढवणे सोपे. पण ते जाळायला हवा पुरली नाही तर काळा धूर निघतो, जसा माझ्या त्या प्रतापात निघाला. म्हणून टर्बो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो आणि ते चाक बाहेरची हवा आत कोंबते. इथे एकामागोमाग एक असे दोन टप्पे होते, आणि हवा वातावरणाच्या दाबाच्या पाच-सहा पट दाबाने आत जात होती. बॉनेव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंच, तिथली हवा मुळात विरळ. तेव्हा हा दम हवाच होता.

पण हवा आधीच इतकी कोंबली, तर आत आणखी दाबताना पिस्टनवर भयंकर ताण येणार. म्हणून सिलिंडरमधले दाबाचे प्रमाण मूळ इंजिनापेक्षा कमी केले. आकारमान ४.४ लिटरचे ५ केले. गाडी बुटकी राहावी म्हणून इंजिने जवळजवळ आडवी निजवली. मग इंजिनाच्या बुडाशी तेल साठवून कसे भागणार? तेलाची सोय निराळी करावी लागली.

राहिली उष्णता. पुढे रेडिएटर ठेवावा तर वारा अडतो. त्यांनी सरळ बर्फाची टाकीच गाडीत ठेवली! दोन इंजिनांची आग आणि शेजारी बर्फ. ही कल्पना मला कोणत्याही कवितेपेक्षा सरस वाटते. आणखी एक गंमत. पहिला गिअर इतक्या वेगासाठी बनवलेला की गाडी उभ्या जागेवरून नीट निघेना. तिला मागून ट्रॅक्टरने ढकलत न्यायचे. (या प्रकल्पाचे अभियांत्रिकी नेतृत्व करणारे टिम लेव्हर्टन पुढे २०१० मध्ये आपल्या टाटा मोटर्समध्ये आले.)

विक्रमाचा नियम कडक. तासाभरात दोन्ही दिशांनी धावायचे आणि सरासरी धरायची. २२ तारखेला ३२८ मैल झाले, दुसऱ्या दिवशी ३५०. मर्यादा घातली ती टायरांनी, इंजिनांनी नव्हे. टायर तेवढ्याच वेगाला पारखलेले होते, आणि एवढ्या वेगात टायर फुटला तर चालकाचे काय होईल ते सांगायला नको. अजून ताकद शिल्लक असताना ती माणसे थांबली. गव्हर्नरची स्प्रिंग ताणणाऱ्या पोराला हे सुचले नसते.

तेव्हा अब्बा सत्तरीत होते, डोळ्यांना कमी दिसायचे. मी त्यांना सगळे वाचून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत होते. वेगाचे त्यांना फारसे कौतुक वाटले नाही. त्यांनी विचारले, "एक मैल जायला किती वेळ लागला?"

"दहा सेकंद."

"आणि टाकीतला बर्फ संपला म्हणजे?"

"म्हणजे थांबायचं, अब्बा."

त्यांनी मान हलवली आणि चहा मागितला.