घरच्या अंगणात वेल्डिंग
(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



कला शाखेच्या पदवीधराने, तेही आयुष्यभर लेखणी चालविलेल्या पत्रकाराने, वेल्डिंगवर बोलावे याचे आपल्याला नवल वाटले असेल. परंतु पन्नाशी उलटल्यावर मी हे काम आयटीआयमधून निवृत्त झालेल्या एका निदेशकांच्या देखरेखीखाली घरीच शिकलो. आणि नवशिक्याचे अडते कोठे, हे नवशिक्याच अधिक नेमके सांगू शकतो. वय आणि पूर्वानुभव यांचा बाऊ करण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील गोद्यांमध्ये, पूर्वी कधी हत्यार न धरलेल्या हजारो स्त्रियांनी हे काम शिकून जहाजे बांधली.

खांद्याला अडकवून नेता येईल असे इन्व्हर्टर यंत्र आज बाजारात मिळते. घरातील 230 व्होल्टच्या विजेपासून ते कमी दाबाचा, पण मोठा प्रवाह निर्माण करते. होल्डरमधील रॉड लोखंडाजवळ नेला की मधल्या फटीत विजेची ज्योत पेटते. तिचे तापमान काही हजार अंश सेल्सियस असते. पोलाद सुमारे 1500 अंशांनाच वितळते. रॉडवरील लेप जळून रसाभोवती वायूचे कवच धरतो आणि वर मळीचे पांघरूण घालतो. असा लेप दिलेला रॉड ही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील, स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांची देणगी.

हात शिकण्याआधी डोळा जपावा लागतो. या प्रकाशातील अतिनील किरण बुबुळाचा पृष्ठभाग भाजतात. त्या क्षणी काहीच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्याप्रमाणे वेदना सुरू होतात. म्हणून 10 किंवा 11 नंबरची काच असलेला मुखवटा हवाच. उन्हाचा गॉगल येथे निरुपयोगी आहे. रस्त्याकडेच्या दुकानात मान वळवून टाका मारणारा पोऱ्या आपण नेहमी पाहतो. त्याच्या सवयीला कौशल्य समजू नये. अंगणातील मुलांसाठी आडपडदा लावावा. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे असावेत, नायलॉन मुळीच नको. काम उघड्यावर करावे, कारण वेल्डिंगचा धूर आणि त्यातील अतिनील किरण या दोहोंना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली कर्ककारक ठरविले आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाचा धूर तर थंडी-ताप आणतो. ओल्या फरशीवर, पावसाळ्यात घामेजल्या हाताने यंत्राला शिवू नये. आणि तेलाचा रिकामा पिंप रिकामा नसतो. त्यात राहिलेली वाफ स्फोटाला पुरेशी असते.

आता प्रत्यक्ष कृती. 5-6 मिलिमीटर जाडीची पट्टी घ्यावी, गंज आणि रंग ग्राइंडरने काढून लोखंड उजळ करावे, अर्थिंगचा चिमटा त्या उजळ भागावरच लावावा. 6013 जातीचा अडीच मिलिमीटरचा रॉड आणि 70 ते 80 अँपिअर प्रवाह पुरतो. आगकाडी ओढावी तसा रॉड ओढायचा. तो चिकटतो! पहिले दोन दिवस चिकटतच राहतो. झटका देऊन सोडवायचा, नच सुटला तर होल्डरमधून मोकळा करायचा. ज्योतीची लांबी रॉडमधील तारेच्या जाडीएवढीच राखायची. रॉड जळून आखूड होत असतो, म्हणजे हात पुढे सरकतानाच खालीही यायला हवा. या दुहेरी हालचालीतच सारी साधना आहे. ज्योत योग्य असली की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा चरचर आवाज येतो. नजर ज्योतीवर नव्हे, तिच्या मागच्या रसावर ठेवायची. रस आणि त्यावर तरंगणारी मळी वेगळी दिसू लागेपर्यंत मला कित्येक रॉड जाळावे लागले.

तथापि या विद्येतील खरा धोका निराळाच आहे. मळी झाडल्यावर जोड बाहेरून खवल्याखवल्यांचा, अगदी देखणा दिसतो, आणि आतून लोखंडाने लोखंडाला धरलेलेच नसते. प्रवाह कमी पडला, हात घाईने सरकला किंवा गंज राहिला, तर रस पट्टीवर नुसता पसरतो. हे बाहेरून ओळखणे अनुभवी माणसालाही कठीण. आमच्या निदेशकांची रीत अशी होती : दोन पट्ट्या काटकोनात ठेवून एकाच बाजूने जोडायच्या, पक्कडयंत्रात आवळायच्या आणि घणाने जोडावरच उलट्या वाकवायच्या. जोड उघडला की आतला पृष्ठभाग पाहायचा. पट्टीची मूळ कड अखंड, गुळगुळीत दिसली, तर तेथे जोड नव्हताच. रस केवळ टेकलेला होता. मी जोडावे, त्यांनी घण पुढे करावा, असे आठवडेच्या आठवडे चालले. एकही वस्तू तयार झाली नाही. घरातून विचारणाही झाली, की हे भंगार आता कोठे ठेवायचे.

तेव्हा सुरुवातीला कुंड्यांचा स्टँड करावा, चपलांची मांडणी करावी. जोड सुटला तर कुंडी फुटेल, इतकेच. गच्चीचा कठडा, झोपाळ्याचा आकडा, शिडी, वाहनाचा कोणताही भाग यांना मात्र नवशिक्याने हात लावू नये. त्यासाठी जाणता कारागीर बोलवावा. तो आला, की आपला मुखवटा घालून शेजारी उभे राहावे आणि त्याच्या रॉडमागचा रस कसा सरकतो ते पाहावे.