विडीचा धूर आणि हातांचे सांधे



विडीने छाती बिघडते, हे धाराशिव जिल्ह्यातील गावोगावी ठाऊक आहे. तिचा धूर सांध्यांसही बाधतो, हे मात्र फारसे कोणाच्या कानी गेलेले नाही.

जंतूंशी झुंजण्यासाठी रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. तंबाखूच्या धुराने फुप्फुसांतील काही प्रथिनांचे रूप पालटते. ज्यांच्या अंगी तशी आनुवंशिक प्रवृत्ती असते, त्यांचे शरीर या स्वतःच्याच प्रथिनांस परके मानून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करू लागते. सांधे दुखण्यापूर्वी कित्येक वर्षे ती रक्तात आढळू शकतात. पुढे बोटे व मनगटे सुजतात, सकाळी आखडतात. खुरप्याची मूठही आवळवत नाही. हाच आमवात. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत सुमारे २०० प्रौढांमागे एकास तो आढळला.

धूम्रपान हे त्याचे एकमेव कारण नव्हे. हा विकार स्त्रियांत अधिक असून विडीस कधी न शिवलेल्यांनाही होतो. म्हणून रुग्णास दोष देऊ नये. परंतु विडी सोडल्यास धोका हळूहळू घटतो, हेही तितकेच खरे.

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे. त्यापुढील कार्य शिक्षकांचे. पालकसभेत हा विषय समजावून द्यावा. सांधे सुजलेल्या पालकास लेप व शेक यांत महिने न दवडता सरकारी रुग्णालयात जाण्यास सांगावे. वेळीच उपचार झाल्यास हात वाकडे होण्याचे पुष्कळ अंशी टळते. आणि उपदेश करणाऱ्या शिक्षकाच्या हाती विडी नसावी, हे वेगळे सांगणे नको.