होर्युजी: पॅगोडा बघा, पण शेजारीही थांबा

आज जपानमध्ये, नाराजवळच्या होर्युजीला जाऊ. इथला पाच मजली पॅगोडा जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारतींपैकी एक. त्याच्या मधल्या खांबाचं झाड इसवी सन ५९४ मध्ये तोडलेलं; खोडाच्या वलयांवरून कळलं म्हणे! वर चढता येत नाही बरं का, खालूनच मान वर करून बघायचं.

पण मी जास्त रेंगाळलो शेजारच्या मुख्य मंदिरात. इथल्या भित्तिचित्रांची तुलना आपल्या अजिंठ्याशी होते. २६ जानेवारी १९४९ ला आग लागली, तीही चित्रांच्या नकला काढायचं काम चालू असताना. चित्रं करपली. आता दिसतात त्या १९६० च्या दशकातल्या प्रतिकृती. छान आहेत, तरी पोटात कालवतंच. १९५० मध्ये जपाननं वारसा जपायचा कायदा केला. आपण २६ जानेवारीला झेंडावंदन करतो, तेव्हा तिकडे देवळांत आग विझवायची तालीम चालू असते.